कंपनी गाडी परत घेते, पण कितव्या हेलपाट्याला?

माझ्या मेव्हण्याने गेल्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. साडेआठ लाखांची, त्यातले सहा लाख बँकेचे. दिवाळीच्या आधीच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायला लागला आणि गाडी चढाला दम सोडायला लागली. वर्कशॉपवाले दिवा घालवून देतात, चार दिवसांनी दिवा परत हजर. असे सात हेलपाटे झाले. सातव्या वेळी तो आईला घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात निघाला होता. रेणापूरच्या पुढं गाडी भर उन्हात बंद पडली. तिथूनच त्याचा फोन आला, "दाजी, आता पेपरात छापा. बदनामी झाल्याबिगर हे लोक ऐकत नाहीत."

मी छापलं नाही. खरं कारण सांगतो. दसरा-पाडव्याला जिल्ह्याच्या पेपरात ज्या पानभर जाहिराती असतात, त्यातल्या निम्म्या गाड्यांच्या शोरूमच्या असतात आणि आमचा पगार त्यातूनच निघतो. ही लाज झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच्या एका प्रश्नाने मला कामाला लावलं. "दाजी, कंपनीनं गाडी परत घ्यावी असा कायदा हाय का नाही?"

आहे. अन् त्याचा जुना इतिहास वाचण्यासारखा आहे.

आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढची पद्मिनी, आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात दिसायची. पण तो परवाना राजचा काळ. गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. ज्याला एवढ्या वर्षांनी गाडी मिळाली, तो ती परत कशाला देईल? आणि दिली तरी कंपनीचं काय बिघडतं, मागं रांग उभीच. गाड्यांच्या दर्जाबद्दल ओरड एवढी वाढली की १९६७ साली केंद्र सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पांडे समिती म्हणून ती ओळखली जाते. विचार करा, दिल्लीत समिती बसवावी लागते, पण गाडी घेणाऱ्या एकट्या माणसाच्या हातात काही नाही. मालविक्रीचा १९३० चा कायदा होता, पण त्यासाठी दिवाणी कोर्टात स्टॅम्प भरून दावा लावायचा. कोण लावणार?

या एकट्या माणसासाठी बोलणारी चळवळ महाराष्ट्रातच उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, दुसऱ्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. अशा चळवळींच्या रेट्यातून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबरला आपल्या तहसीलमध्ये जो ग्राहक दिन साजरा होतो (भाषणं, हार, चहा), तो त्याच कायद्याच्या तारखेचा.

या कायद्यात सदोष वस्तूबद्दल तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: दोष काढून द्या, नाही तर नवीन वस्तू द्या, नाही तर पैसे परत करा. वर नुकसानभरपाई वेगळी. २०१९ च्या नव्या कायद्यातही हेच आहे. म्हणजे गाडी परत घेण्याची तरतूद जवळपास चाळीस वर्षं जुनी आहे.

अडचण दुसरीच आहे. दुरुस्ती कुठं संपते आणि परतावा कुठं सुरू होतो, हे कायदा सांगत नाही. दोन हेलपाटे? सात? वीस?

अमेरिकेत बिघडक्या नव्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणजे लिंबू. १९८२ साली तिथल्या कनेक्टिकट आणि कॅलिफोर्निया राज्यांनी कायदे करून आकडाच घालून दिला. सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत एकच दोष चार वेळा दाखवूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजला पडून राहिली, तर गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही असं धरून चालायचं. कंपनीनं बदलून द्यावी नाही तर परत घ्यावी. पुढं बाकीच्या राज्यांनीही तसे कायदे केले. आपल्याकडं चार वर्षांनी कायदा आला, पण तो आकडा आला नाही. सुईपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला एकच कलम.

मग आकडा ठरवायचं काम कोर्टावर आलं, आणि कोर्टांचा कल दोन्हीकडं गेलेला दिसतो. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं प्रीमियरचंच प्रकरण आलं, केरळातल्या ग्राहकाची ११८ एनई डिझेल गाडी. सदोष गाडी नवी कोरी म्हणून विकणं लाजिरवाणं आहे, अशा शब्दांत कोर्टानं कंपनीला सुनावलं. पण दोनच वर्षांनी मारुतीच्या प्रकरणात त्याच कोर्टानं अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी आहे, गाडी बदलण्याची नाही, असं कारण. ग्राहकाला भरपाईवर समाधान मानावं लागलं. हा निकाल कंपन्यांच्या वकिलांना आजही तोंडपाठ असतो.

त्यात दोष सिद्ध करायचं ओझं ग्राहकावर. हे दुखणं आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. २०२० ला सोयाबीन उगवलं नाही तेव्हा बियाणं मातीत गेलेलं, तपासायला प्रयोगशाळेत काय पाठवणार? सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात शेतकऱ्याची ही अडचण मान्य केली होती. गाडीच्या बाबतीत तसंच काहीसं घडायला २०२२ उजाडलं. ह्युंदाई क्रेटाचा अपघात झाला, एअरबॅग उघडल्याच नाहीत. टक्कर पुरेशा जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, वेग आणि आघाताचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम झाला. गाडी घेतली होती २०१५ ला.

आणि मोठ्या गाडीवाल्यांचं लवकर होतं असंही नाही. हैदराबादच्या एका कंपनीनं २००९ मध्ये घेतलेली बीएमडब्ल्यू चार दिवसांतच वर्कशॉपला गेली. २०१२ मध्ये हायकोर्टानं नवीन गाडी द्यायला सांगितलं, तक्रारदार व्याजासह पैशांवर अडून राहिला. सुप्रीम कोर्टानं ५० लाख द्यायला लावून जुलै २०२४ मध्ये विषय मिटवला. पंधरा वर्षं!

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सरकारला गाड्या परत बोलावण्याचा अधिकार मिळाला. पण त्यासाठी एकाच मॉडेलच्या ठरावीक टक्के मालकांच्या तक्रारी लागतात, नाही तर तपास यंत्रणेचा अहवाल लागतो. तिथं आपल्या मेव्हण्याचं एकट्याचं चालत नाही.

त्याला उरतो तो जिल्हा ग्राहक आयोग. नवीन कायद्यानं एक सोय चांगली केली. ग्राहक राहतो तिथं तक्रार करता येते, कंपनी चेन्नईची असो की गुजरातची. साडेआठ लाखांच्या गाडीला फी २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. त्या लिहिलेल्यावर मी त्याला फार विसंबू नको म्हणून सांगितलंय.

कायद्यात आकडा नाही म्हटल्यावर हेलपाटे मोजून आयोगापुढं ठेवायचं काम आपलंच. म्हणून त्याला घरातली सगळी जॉबकार्डं काढायला लावली. सातपैकी पाच निघाली. अन् त्या पाचातल्या तिघांवर तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय? 'जनरल चेकअप'. खाली मेव्हण्याची सही. म्हणजे कागदावर गाडी बिघडलेलीच नाही, साहेब हौसेनं तपासून घ्यायला आले होते! उरलेल्या दोन कार्डांच्या नकला मागितल्या, तर 'सिस्टीमला दिसत नाही' म्हणाले. आता त्या लेखी मागितल्यात, रजिस्टर पोस्टानं, पोच सांभाळून.

परवा तो आठव्यांदा गेला. काउंटरवरच्या पोरानं पुन्हा तेच दोन शब्द टाइप केले. यानं सही केली नाही. शेवटी मॅनेजर बाहेर आले, अन् रकान्यात 'चढाला गाडी बंद पडते, दिवा आठव्यांदा' असं मराठीत लिहून घेतल्यावरच यानं पेन उचललं. कार्डाचा फोटो मला रात्री पाठवला. तक्रार सोमवारी दाखल करतोय.