नायट्रो इंजिन: इंधनातलं तेल बदललं की ट्यूनिंग का बिघडतं?

आरसी कारसाठी इंधनाचा नवा कॅन आणला. नायट्रोची टक्केवारी जुनीच. तरी कालपर्यंत मस्त पळणारी गाडी आज फुल थ्रॉटलला अडखळतेय? मग कॅनवर तेलाचं प्रमाण बघा.

या इंधनात मुख्यतः मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. तेल एरंडेल, सिंथेटिक किंवा दोन्ही मिळून. कारची नायट्रो इंजिनं टू-स्ट्रोक असतात, त्यांना ऑइलची वेगळी टाकी नसते. पिस्टनला आणि बेअरिंगला जे काही तेल मिळतं ते याच इंधनातून.

आता हिशोब बघू. 18% तेलाच्या 100 मिली इंधनात जळणारा भाग 82 मिली, 10% वाल्यात 90 मिली. म्हणजे नीडल न हलवता 18 वरून 10 वर आलात, तर इंजिनला साधारण 10% जास्त 'जळण' मिळतं. शिवाय कमी तेलाचं इंधन पातळ, ते नीडलमधून आणखी सहज जातं. इंजिन रिच होतं, अडखळतं. उलट जास्त तेलाचं इंधन भरलं की लीन होतं आणि तापतं. तेव्हा हाय-स्पीड नीडल थोडी उघडावी लागते.

खरी गोची पुढे आहे. रिच झालं म्हणून आपण नीडल आवळतो. जळण पूर्वीएवढं झालं, पण तेल? आधी 18 मिली जायचं, आता जेमतेम 9. म्हणजे थेट निम्मं! त्यात नीडल जरा जास्त आवळली गेली, तर पिस्टन-स्लीव्हची वाट लागायला एक टाकीसुद्धा पुरते.

धुरावर तर अजिबात विसंबू नका. सायलेन्सरमधून दिसणारा निळसर धूर मुख्यतः तेलाचा असतो. कमी तेलाच्या इंधनात सेटिंग बरोबर असूनही धूर कमीच दिसतो, आणि जास्त तेलवाल्यात लीन इंजिनही छान धूर सोडतं. नवीन पोरं इथेच फसतात.

म्हणून कॅन बदलला की आधी नीडल थोडी रिच करा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. इंजिन गरम होऊ द्या, मग एका वेळी पाव फेऱ्याच्याही निम्मंच फिरवा. हेडवर पाण्याचा थेंब टाका: तीन-चार सेकंद चुरचुरून उडाला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर लगेच रिच करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. बऱ्याच कार इंजिनांसाठी 100 ते 120 अंश सेल्सिअस ही चालण्यासारखी रेंज आहे.