अहमदनगरचे फुलणारे झाड

सन १५६५. आजच्या बेल्जियममध्ये पीटर ब्रूगेल अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी ऋतूंची चित्रमालिका रंगवीत होता. तिच्यातील बर्फातून परतणारे शिकारी आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. पाठमोरी माणसे, निष्पर्ण झाडे, खाली गोठलेल्या तळ्यावर मुंग्यांएवढे लोक.

त्याच वर्षी जानेवारीत तालिकोटची लढाई झाली. अहमदनगरचा हुसेन निजामशहा विजयी होऊन परतला आणि काही महिन्यांतच वारला. आफताबी नावाच्या कवीने त्याच्या स्तुतीसाठी रचलेले फारसी काव्य म्हणजे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी लघुचित्रांच्या उपलब्ध नमुन्यांत ती सर्वांत जुन्यांपैकी एक.

तिच्यातील एका पानावर झाडाखाली एक स्त्री उभी आहे आणि तिच्या स्पर्शाने झाड बहरले आहे. हा संस्कृत काव्यातला ‘दोहद’ संकेत. सुंदरीच्या पायाच्या आघाताने अशोक फुलतो, तिने टाकलेल्या मद्याच्या चुळीने बकुळ फुलते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त याच अशोकाभोवती कथानक फिरते. (मराठीतले ‘डोहाळे’ याच शब्दाचे वंशज.) काव्य फारसी, आश्रयदाता शिया सुलतान, आणि झाड मात्र कालिदासाच्या बागेतले! निजामशाहीला निव्वळ ‘परकी’ ठरवणाऱ्यांनी हे पान एकदा तरी पाहावे.

फ्लेमिश चित्रकलेची वाट वेगळी होती. पातिनीरच्या निसर्गचित्रांत संतांच्या आकृती आधीच लहान झाल्या होत्या. शतकाच्या अखेरीस खिलिस व्हान कोनिन्क्सलोने अरण्य इतके दाट रंगवले की त्यातला माणूस शोधावा लागतो. तिथे झाडाला माणसाची गरज उरली नाही. अहमदनगरच्या चित्रकाराचे झाड स्त्रीवाचून फुलतच नाही.

पण याच पोथीत स्त्रीच्या वाट्याला दुसरेही काही आले. हे काव्य हुसेन आणि राणी खुंजा हुमायून यांच्या विवाहाचेही वर्णन करते. चांदबीबी ही त्यांचीच कन्या. चित्रकाराने राणीला सुलतानाच्या शेजारी बसवले होते. दख्खनी दरबारी चित्रांत हे विरळाच. हुसेननंतर तिने अल्पवयीन मुर्तझाच्या नावाने काही वर्षे कारभार केला. पुढे त्या मुलानेच तिला कैद केले. पोथीतील अनेक पानांवर तिची आकृती रंग फासून झाकलेली आहे. सत्तेवरून उतरलेल्या राणीची आठवणही नकोशी झालेल्या दरबाराचेच हे काम असावे.

झाडाखालची स्त्री मात्र शाबूत आहे. तिच्या डोक्यावर अजून बहर आहे.