मंगळवेढ्याची पावती

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याने निघाले, की हिनकल मागे पडते आणि हूटगळ्ळी लागते. एके काळचे हे खेडे आज कारखान्यांची वसाहत झाले आहे. आमच्यासारखी काही मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने या बाजूस येऊन राहिली आहेत. कुणी कारखान्यात आहे, कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारच्या कचेरीत. बदलीच्या हुकुमाने आलो आणि पुढल्या हुकुमाने जाऊ, अशी सर्वांची स्थिती. तरी आषाढी एकादशीस कुणा एकाच्या घरी आम्ही जमतो, विठ्ठलाची तसबीर मांडतो आणि जमेल तसे भजन करतो.

गेल्या आषाढीला आमच्यातील एक गृहस्थ दुपारच्या पाळीवर होते. ते आले तेव्हा आरती होऊन गेली होती आणि मंडळी निघण्याच्या तयारीत होती. तसबिरीपुढे हात जोडून ते ओशाळवाणे म्हणाले, "आमची सेवा निवृत्तीनंतर. तोवर देवाने क्षमा करावी." सर्वांनी हसून माना डोलावल्या, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होते. नोकरी ही धन्याची आणि उरलेला वेळ देवाचा, अशी वाटणी आपण सारेच करून बसलो आहोत. ही वाटणी आपल्या पूर्वजांनाही मान्य होती काय, हा प्रश्न त्या रात्री आमच्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या राज्यात या प्रश्नाचे एक उत्तर दगडात कोरलेले आहे. बंगळूरच्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर, सरकारी काम हे देवाचे काम होय, अशा अर्थाची अक्षरे आहेत. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते या वास्तूची पायाभरणी झाली आणि केंगल हनुमंतय्या यांच्या पुढाकाराने १९५६ साली ती पूर्ण झाली. कामासाठी तेथे हेलपाटे घालणाऱ्यांनी त्या वाक्याची थट्टा केली नसेल असे नाही. तथापि थट्टा व्हावी इतके मोठे वाक्य एखाद्या राज्याने आपल्या दारावर लिहावे, यालाही अर्थ आहे. आमच्या आधी या मुलखात चाकरी करून गेलेल्या मराठी मंडळींनाही ते परके वाटले नसते. हैदर-टिपूंच्या अमदानीत महसुलाचे हिशेब कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात. पुढे तंजावरी मराठी घराण्यातले टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. बंगळूरचा आनंदराव चौक त्यांचेच नाव सांगतो. परमुलखातील मराठी कारकुनाची व कारभाऱ्याची परंपरा अशी जुनी आहे.

परंतु त्या वाक्याचे मूळ बंगळुरात नाही. ते शोधीत गेले म्हणजे आपण कृष्णा ओलांडून भीमेच्या परिसरात, पंढरपूरच्या शेजारी असलेल्या मंगळवेढ्यास येऊन पोहोचतो. आज सोलापूर जिल्ह्यातील हे गाव काळ्या जमिनीसाठी आणि ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा त्या परिसरात शेजारणींसारख्या नांदत आल्या. या एका गावाशी तीन अशी नावे निगडित आहेत, की ज्यांनी देवाची सेवा आपापल्या कामाच्या जागी उभे राहून केली.

पहिले नाव महात्मा बसवेश्वरांचे. बाराव्या शतकात कलचुरी घराण्यातील बिज्जळ हा कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक होता आणि मंगळवेढे हे त्याचे ठाणे होते. कूडलसंगम येथे अध्ययन करून बसवेश्वर येथे आले, हिशेबनिसाच्या कामावर लागले आणि पुढे भांडारी झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बिज्जळाने कल्याणीची सत्ता बळकावल्यावर तेही कल्याणीस गेले. तेथे त्यांच्याभोवती जो शरणांचा मेळा जमला, त्यात दोर वळणारा नुलिय चंदय्या होता, बुरूड काम करणारा मेदार केतय्या होता, परीट माचिदेव होता. या मंडळींनी श्रमाला 'कायक' हे नाव दिले. प्रामाणिकपणे श्रम करणाऱ्याला कैलास निराळा शोधावा लागत नाही, ही त्यांची श्रद्धा. कायकाची मिळकत गरजेपुरती ठेवावी आणि उरलेली 'दासोह' म्हणून समाजाच्या पदरात घालावी, हा तिचा दुसरा भाग.

या विचाराचे मर्म ऐदक्की मारय्याच्या कथेत उतरले आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हा त्याचा कायक. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते पाहिले आणि, ही हाव कशासाठी, असे विचारून जास्तीचे तांदूळ जेथले तेथे परत टाकून यावयास लावले. ते तांदूळ चोरीचे नव्हते, तरी गरजेहून अधिक होते. देवाने दिले त्यात भागते, ही कृतज्ञता त्या घरात एका गरीब बाईने राखली. वरकमाईच्या गोष्टी घरोघर चालतात त्या आजच्या दिवसांत ही कथा कुणाला भाबडी वाटेल. आम्हांला ती फार कठोर वाटते.

बसवेश्वरांवरही हिशेबाचा प्रसंग आला. भांडारी आपल्या जंगमांवर राजाचे द्रव्य उधळतो, अशी चहाडी बिज्जळाच्या कानी गेली. बिज्जळाने खजिना मोजविला, तेव्हा एक नाणेही कमी भरले नाही, असे पुराणकार सांगतात. तेराव्या शतकात पाल्कुरिकी सोमनाथाने तेलुगूत आणि १३६९ साली भीमकवीने कानडीत बसवपुराण रचले, त्यातून ही आख्यायिका दक्षिणेत पसरली. पुढे ब्राह्मण मधुवरस आणि चर्मकार हरळय्या यांच्या मुलांचा विवाह झाला. त्याबद्दल त्या दोघा पित्यांना देहान्त शासन झाले, आणि इ. स. ११६७ च्या सुमारास कल्याणीत प्रलय उडाला. बसवेश्वरांनी राजसत्तेची जागा सोडली. हिशेब चोख ठेवणाऱ्या या माणसाने अन्यायाला मात्र मान दिली नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरे नाव दामाजीपंतांचे. ते बेदरच्या बहामनी सत्तेचे मंगळवेढ्यातील अंमलदार. १४६० च्या सुमारास दख्खनवर जो दुष्काळ आला, त्याला लोक 'दामाजीपंताचा दुष्काळ' म्हणत आले आहेत. दुष्काळाला राजाचे किंवा देवीचे नाव मिळते, येथे ते एका अंमलदाराचे मिळाले. सरकारी कोठारे धान्याने भरलेली होती आणि बाहेर माणसे अन्नावाचून मरत होती. वरून हुकूम येण्याची वाट न पाहता दामाजीपंतांनी कोठारे लुटविली. ही बातमी त्यांच्या हाताखालच्याच एका अधिकाऱ्याने बेदरला कळविली, असे परंपरा सांगते. कचेऱ्यांत दिवस काढलेल्या वाचकांना या तपशिलाचे नवल वाटणार नाही.

पुढली कथा मराठी मुलखात लहान मुलासही ठाऊक आहे. दामाजीपंतांना धरून बेदरला नेत असता विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, बादशहापुढे जाऊन धान्याची पूर्ण किंमत भरली, आणि रीतसर पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांना आपल्या पोथीत सापडली. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा रंगवून सांगितली आहे. थैलीतून न संपणाऱ्या मोहरा इतिहासाला मान्य होण्याजोग्या नाहीत हे उघड आहे. परंतु लोकांनी शतकानुशतके जी गोष्ट जपली, ती त्यांच्या न्यायबुद्धीचा दस्तऐवज असते. त्या दृष्टीने पाहता या कथेत दोन गोष्टी विशेष दिसतात.

पहिली अशी, की विठ्ठल बादशहाकडे माफी मागत नाही. धान्य भुकेल्यांसाठी दिले, म्हणून ते हिशेबातून वगळा, असेही म्हणत नाही. तो पै न् पै भरतो. दुसऱ्याच्या कोठारातून केलेला दानधर्म हा फुकटचा धर्म आहे, त्याची किंमत कुणीतरी चुकती केलीच पाहिजे, हे या भाविक कथेने एखाद्या करड्या लेखापरीक्षकाप्रमाणे सांभाळले आहे. दामाजीपंत स्वतः ती किंमत प्राणांनी देण्यास निघाले होते. म्हणूनच त्यांचे कृत्य अफरातफर ठरत नाही. हुकूम मोडणाऱ्याने शिक्षेपासून पळावयाचे नाही, एवढी निष्ठा त्यांनी धन्याशीही राखली. देवाशी राखलेली निष्ठा मात्र त्याहून वरची होती. दोहोंत निवड करण्याची वेळ आली तेव्हा ते अडखळले नाहीत.

दुसरी गोष्ट अशी, की देवाला दरबारात जावयाचे होते तर तो वजीर होऊन गेला असता, सरदार होऊन गेला असता. तो महार होऊन गेला. गावगाड्यात सरकारी वसूल पोहोचविणे, निरोप नेणे ही कामे महाराकडे असत. म्हणजे राज्यकारभाराच्या शिडीची जी अगदी शेवटची पायरी, तिच्यावर देव येऊन उभा राहिला, आणि ते काम त्याने चोख केले. लहान हुद्दा म्हणून खंत करणाऱ्याने ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

परंतु येथेच थांबलो तर आपण स्वतःची फसवणूक करू. कारण त्याच मंगळवेढ्याचे तिसरे नाव चोखामेळ्याचे आहे. तो दामाजीपंतांच्या आधी शंभरांहून अधिक वर्षे होऊन गेला. मंगळवेढ्याच्या कुसवाचे काम वेठीने चालले असता ते कोसळून १३३८ साली त्याचा अंत झाला. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपुरास नेऊन महाद्वारापुढे समाधी बांधली, असे सांगतात. ज्या जातीचे रूप देवाने घेतल्याची कथा लोक डोळ्यांत पाणी आणून ऐकत, त्या जातीच्या भक्ताला त्याच देवाच्या दाराबाहेर ठेवीत. चोखोबांनी मिळाल्या कामातही विठ्ठल आळविला, पण त्याच्याकडे गाऱ्हाणेही मांडले. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने तर देवाला रोखठोक जाब विचारला. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावयास १९४७ साल उजाडले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार व रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीस अर्पण केला.

तेव्हा "ज्या जागी आहोत तेथे देवाची सेवा करावी" हे वाक्य कोण कोणाला ऐकवितो, हे आधी पाहिले पाहिजे. स्वतःला ऐकविले तर तो धर्म आहे. दुसऱ्याला त्याच्या जागी खिळवून ठेवण्यासाठी ऐकविले तर तो अधर्म आहे. आम्ही पगारदार माणसे आमची जागा परीक्षा देऊन, अर्ज करून मिळवितो. चोखोबांना तशी निवड नव्हती. ज्याला जागा मिळाली त्याच्यावर कृतज्ञतेचे ऋण अधिक, आणि ते ऋण ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्या कामी येऊनच फिटावयाचे.

मंगळवेढ्याबाहेरही याची साक्ष मिळते. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते. शिष्याला त्यांनी हिशेबाचे काम सांगितले. एका पैची चूक सापडेपर्यंत एकनाथ रात्रभर जागले, आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून गेले. एका पैसाठी एवढी एकाग्रता, तर परमेश्वरासाठी केवढी असेल, हे गुरूंनी त्यातून ताडले. हिशेबाचा कागद येथे साधनेच्या आड आला नाही, तो साधनेची पारख ठरला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आता ज्यांचा उल्लेख केला ते महिपती (१७१५–१७९०) राहुरीजवळच्या ताहराबादचे कुलकर्णी. पूजेस बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावण्यास आला आणि वाट पाहण्यास तयार होईना. महिपती उठून गेले, काम उरकून दिले, घरी आले, आणि संतचरित्रांखेरीज पुन्हा लेखणी उचलावयाची नाही असा त्यांनी निश्चय केला. आधी काम पुरे केले आणि मग चाकरी सोडली, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आणि सोडून तरी त्यांनी काय केले? लेखणी तीच राहिली, धनी तेवढा बदलला. दामाजीपंतांनीही पुढे बेदरची चाकरी सोडून पंढरीचा आश्रय केला, असे सांगतात. म्हणजे आपल्या परंपरेने नोकरीलाच देव मानले नाही. नोकरीत देव सापडेना तेव्हा ती सोडण्याची वाटही तिने मोकळी ठेवली.

असो. पाळी संपवून उशिरा आलेल्या आमच्या त्या मित्रांना त्या रात्री यांतले काहीच सांगता आले नाही. फराळाची ताटली त्यांच्या हाती देऊन आम्ही निरोप घेतला. आज त्यांना सांगावेसे वाटते, की क्षमा मागण्यासारखे तुमच्याकडून काही घडले नव्हते. त्या दुपारी यंत्रापुढे उभे राहून तुम्ही जे काम नीट केलेत, हाताखालच्या माणसाशी जे नीट बोललात, घेऊ नये ते जे घेतले नाहीत, ते सारे आमच्या टाळांच्या आधीच पंढरीस पोहोचले असेल. निवृत्तीनंतर पंढरपूरला अवश्य जाऊ. वाटेत मंगळवेढ्यास उतरून दामाजीपंतांच्या मंदिरापुढेही उभे राहू. तेथे उभे राहताना तीस-पस्तीस वर्षांचा हिशेब मनात येईल, आणि त्याची पावती आपल्या पोथीत आहे की नाही, हे तेव्हा कुणाला विचारावे लागणार नाही.