उद्याचे भय आणि शरण : सोपारे व ठाणे बंदरांच्या दोन कथा

उद्या काय वाढून ठेवले आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि या अज्ञानातूनच भयाचा जन्म होतो. व्यापार, आरोग्य, संतती, वार्धक्य या सर्वांविषयीची चिंता मुळात उद्याचीच चिंता असते. अशा वेळी 'देवावर भार टाकावा' असे आपण सहज म्हणतो. परंतु जैन दर्शनातील अरिहंत वीतराग आहेत. ते कोणावर प्रसन्न होत नाहीत, रुष्टही होत नाहीत. मग आपण त्यांना शरण जातो म्हणजे नेमके काय करतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परिसराच्या इतिहासात आणि परंपरेत सापडते.

उल्हास नदी आणि वसईची खाडी यांच्या काठावरील कल्याण, ठाणे आणि सोपारे ही प्राचीन बंदरे. सोपारे (आजचे नालासोपारा) २०१४ साली पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले असून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात सोपारे व कल्याण या दोहोंचा उल्लेख येतो. कल्याण ही पूर्वी मान्यताप्राप्त पेठ होती. पुढे सत्ता पालटली, बंदराची कोंडी झाली आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत दानशूर म्हणून ज्यांची नावे कोरली गेली, त्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचाही उद्याचा दिवस असा परक्याच्या हाती होता.

याच काळातील, म्हणजे वीर निर्वाणानंतरच्या सहाव्या शतकाच्या अखेरची, सोपाऱ्याची एक कथा जैन परंपरेने जपली आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या 'परिशिष्टपर्वा'तही ती आली आहे. बारा वर्षांचा भीषण दुष्काळ पडला होता. सोपाऱ्यातील जिनदत्त श्रावकाच्या घरी धन होते, पण धान्य मिळेना. अखेर एक लक्ष मुद्रा मोजून एका वेळेपुरते तांदूळ आणले गेले. उद्या काय खायचे, या विचाराने खचलेल्या त्या कुटुंबाने त्या अन्नात विष कालवून सर्वांनी एकत्र देह ठेवण्याचे ठरविले. श्राविका ईश्वरी अन्नात विष मिसळणार, तोच आचार्य वज्रसेन गोचरीसाठी दारात आले. लक्ष मुद्रांचा भात ज्या दिवशी शिजेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, असे त्यांचे गुरू वज्रस्वामी यांनी सांगून ठेवले होते. वज्रसेनांनी ते वचन सांगून कुटुंबाला थांबविले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदराला लागली.

या कथेत वज्रसेनांनी ना दुष्काळ दूर केला, ना गलबते निर्माण केली. जिनदत्ताच्या घरात निराशा दाटली होती तेव्हा ती गलबते समुद्रात मार्गस्थ झालेलीच होती. किनाऱ्यावरून ती दिसत नव्हती, इतकेच. मुनींनी त्या कुटुंबाला केवळ एका रात्रीचे धैर्य दिले. त्या कुटुंबाने पुढे दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ति आणि विद्याधर या चार पुत्रांच्या नावाने चार कुळे प्रसिद्ध झाली. आजचे श्वेतांबर मूर्तिपूजक गच्छ आपली परंपरा यांपैकी चंद्रकुळाशी जोडतात. आपल्या उपाश्रयात चातुर्मासासाठी येणाऱ्या साधु-साध्वींची परंपरा त्या संध्याकाळी न उलटलेल्या विषाच्या पुडीवर उभी आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे एका रात्रीच्या धैर्याचे मोल कळते.

दुसरी कथा ठाण्याची आणि आपल्या अधिक परिचयाची. श्रीपाल आणि मयणासुंदरी यांचे चरित्र श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांत, तपशिलांच्या फरकाने, आदराने सांगितले जाते. सुखदुःख आपल्या कर्माने मिळते, असे पित्यास निर्भयपणे सांगणाऱ्या मयणेला कुष्ठरोगी वर देण्यात आला. तरी ती डगमगली नाही. पुढे लोभाने अंध झालेल्या धवल शेठने श्रीपालास भर समुद्रात लोटले. नवपदांचे स्मरण करीत तो मत्स्याच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्यास, ठाण्यास लागला आणि तेथील राजाचा जामात झाला. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर, आपले 'कोकण शत्रुंजय', याच कथेचे स्मरण देते.

आपले लक्ष सहसा श्रीपालाच्या उद्धाराकडे जाते. धवलाकडेही ते जावयास हवे. पाचशे जहाजांचा हा धनी उद्याच्या विचाराने सतत पोळत राहिला. ठाण्यात श्रीपालास जिवंत पाहताच आपले पाप उघडे पडेल, या भयाने त्याने कपट रचले. ते फसल्यावर श्रीपालाने त्याला अभय दिले, तरी तो रात्री शस्त्र घेऊन त्याच्या महालावर चढला आणि पडून स्वतःच्याच शस्त्राने मेला. समुद्र दोघांसाठी सारखाच अनिश्चित होता. एकाने त्यात नवपदांचा आधार धरला, दुसऱ्याने पापाचा.

नवपदांतील अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू ही पाच पदे पूज्य व्यक्तींची आहेत. दर्शन, ज्ञान, चारित्र आणि तप ही चार पदे आपण आचरावयाची आहेत. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिलाच्या ओळीत आपण या दोहोंची एकत्र आराधना करतो. बारा भावनांतील अशरण भावना सांगते की रोग, जरा व मृत्यू यांपासून वाचविणारा कोणी नाही. आणि तरीही आपण नित्य चार शरणे स्वीकारतो. यात विसंगती नाही. शरण हे संकट न येण्याची हमी नव्हे. संकटाच्या भयाने आपल्या हातून अधर्म होऊ नये, यासाठीचा तो आधार आहे.

श्रीपालाच्या रासाची निर्मितीही हेच सांगते. विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेर येथे उपाध्याय विनयविजयजींनी संघाच्या विनंतीवरून तो रचावयास घेतला. आयुष्य पुरेल याची खात्री नव्हती. म्हणून अपुरा राहिल्यास उपाध्याय यशोविजयजींनी तो पूर्ण करावा, असे ठरले. विनयविजयजी कालधर्म पावले आणि यशोविजयजींनी वचन पाळले. उद्याची शाश्वती नाही म्हणून कार्य थांबले नाही. ते पुढील हाती सोपविले गेले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, १८५४ साली लोहमार्ग कल्याणला पोहोचला. त्या मार्गाने कच्छ, गुजरात आणि राजस्थानातून आलेल्या आपल्या वाडवडिलांनाही उद्याची खात्री नव्हती. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २०२० ची टाळेबंदी यांनी तीच अनिश्चितता आपल्यालाही दाखविली. पुढेही ती येईल. अशा वेळी कोणाच्या घरी जिनदत्ताची संध्याकाळ आली, तर वज्रसेनांप्रमाणे त्या दारी वेळेवर पोहोचणे हे संघाचे कर्तव्य आहे. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील पिढीच्या हाती हेच व्रत सोपवावे.

जय जिनेंद्र!