तापाचं पोर दडवताना

१८९७च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा लोक रोगाइतकेच दवाखान्याला भ्याले. मुंबईत हे आधीच घडलं होतं. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आत गेलेला माणूस जिवंत परत येत नाही, अशी बोलवा होती. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगांचा कायदा झाला. मार्चच्या मध्यापासून प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाखाली गोरे सोजीर पुण्यातल्या घराघरात शिरून काखेत, जांघेत गाठ आहे का, ते बघू लागले. मग कुठलाही ताप घरातच दडपला जाऊ लागला. मोठं माणूस निदान तोंडानं सांगू शकतं. तान्ह्याचा आवाज गोधडीत सहज दबतो.

हडपसर भागात मी परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यामुळे ससाणे मळा माझ्या जिव्हाळ्याचा. तिथल्या माळावर डॉ. यशवंत फुल्यांनी आईच्या, म्हणजे सावित्रीबाईंच्या, सांगण्यावरून प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा आजारी आहे, हे कळताच सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन आल्या. तेव्हा त्यांचं वय ६६. पोर वाचलं. त्यांना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या, रँडच्या झडत्या सुरू होण्याच्या काही दिवस आधी. त्या घरानं मुलगा त्यांच्या हाती दिला, कारण न्यायला आलेली बाई वस्तीच्या ओळखीची होती, असं मला ठामपणे वाटतं.

तीच भीती मला कोरोनाच्या साथीत पुन्हा दिसली. २०२०च्या एप्रिलात माझ्या यादीतली बाळं लसीला येईनाशी झाली. फोनवर एक आई म्हणाली, “ताई, पोराला जुलाब होतायत, अंग तापलंय. पण आणत नाही. कोरोना म्हणून सगळ्यांनाच उचलून नेतील.” मी खूप समजावलं, ती बधली नाही. मग गल्लीतलीच आशाताई तिच्या दारात गेली. बाळाची टाळू खोल गेली होती, रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. आशाताईनं तिथंच ओआरएस कालवलं, चमच्या-चमच्यानं पाजत त्याला दवाखान्यात आणलं. चार दिवसांनी ते अंगावर नीट पिऊ लागलं.

सगळ्या बाळांच्या दारात कोणी पोचलं नाही. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोसही न मिळालेली बाळं देशात २०१९मध्ये सुमारे १४ लाख होती, २०२०मध्ये ती ३० लाखांवर गेली. टाळेबंदी होती, बस-रिक्षा बंद होत्या, हे खरंच. पण भीतीचा वाटा मी फोनवर रोज ऐकत होते. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत गोवरानं लेकरं दगावली, त्यांतल्या कित्येकांची लस राहून गेलेली. मग सहा महिन्यांपुढच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं आणि आरोग्यसेविका पुन्हा दारोदार निघाल्या.