दोन घासांची वाट

फराळाचे ताट समोर आले की मला आमच्या शेजारचे अण्णा आठवतात. जठराच्या कर्करोगाने त्यांच्या अन्नाची वाट बुजली होती. रोग बरा होईल का, असे त्यांनी कधी विचारले नाही. डॉक्टर आले की ते एवढेच म्हणत, "डॉक्टर, दोन घास भात पोटात ठरेल का?"

सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण या दोन घासांसाठी माणसाने केलेली खटपट मोठी आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. वाचून जे उमगले ते सांगतो.

जठराला दोन दारे असतात. वरच्या दाराने अन्न येते, खालच्या दाराने ते थोडेथोडे लहान आतड्यात उतरते. जठराच्या किंवा शेजारच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाने हे खालचे दार बंद झाले, की खाल्लेले सारे उलटून पडते. अन्न समोर असून माणूस उपाशी!

1879 साली पॅरिसमध्ये पेआँ यांनी आणि 1880 साली पोलंडच्या रिडिगियर यांनी हे रोगट दार कापून काढले. दोघांचेही रोगी दगावले. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी 43 वर्षांच्या एका बाईवर तीच शस्त्रक्रिया केली आणि ती वाचली. सुमारे चार महिन्यांनी त्याच रोगाने ती गेली. पण वाट दिसली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात बिलरोथ यांचे साहाय्यक अँटन व्होल्फ्लर यांनी एका रोग्याचे पोट उघडले, तो गाठ काढण्याजोगी नव्हती. सहकारी निकोलादोनी यांनी तोड सुचवली. व्होल्फ्लर यांनी बंद दाराला हात न लावता लहान आतड्याचे वेटोळे जठराला जोडून नवे दार केले.

पण खंगलेल्या देहाला पोट फाडणे कसे सोसावे? तोंडावाटेच आत जाता येईल का? 1868 साली फ्रायबुर्गच्या कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळियाच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवली होती. परंतु उजेड पुरला नाही. 1954 साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तिच्या आधाराने हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचिक दुर्बीण घडवली आणि 1957 साली ती आधी स्वतःच्याच घशात घातली.

पुढे या दुर्बिणीतून अडलेल्या दारात धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवू लागले. रोगी लवकर जेवू लागे; पण कर्करोग जाळीच्या भोकांतून वाढून वाट पुन्हा बुजवी. 2010 साली हॉलंडमध्ये 39 रोग्यांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली. स्टेंटवाल्यांना घास लवकर मिळाला, शस्त्रक्रियावाल्यांना तो अधिक काळ टिकला. म्हणून दोन महिन्यांहून अधिक आयुष्य दिसत असेल तर शस्त्रक्रिया, नसेल तर स्टेंट, असा सल्ला त्या डॉक्टरांनी दिला.

मग व्होल्फ्लर यांचीच कल्पना चाकूवाचून परतली. दुर्बिणीच्या टोकाशी असलेल्या सोनोग्राफीने जठराच्या भिंतीपलीकडचे आतडे हेरायचे आणि डमरूसारख्या नळीने दोन्ही जोडायचे. गाठ राहते बाजूला. अन्न नव्या दाराने उतरते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या, हाँगकाँगच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या 97 रोग्यांच्या तुलनेत, साध्या स्टेंटच्या शंभरांपैकी 29 जणांना सहा महिन्यांत पुन्हा उपचार लागले; नव्या दाराच्या शंभरांपैकी अवघ्या 4 जणांना. मात्र याला तयार हात हवा. नळी निसटली तर जिवावर बेतते. म्हणून साधा स्टेंट अजून मोडीत निघालेला नाही.

या साऱ्या तुलनेत कर्करोग कोणीच हरवलेला नाही. मोजायचे आहे ते एवढेच, की घास किती लवकर मिळाला आणि किती दिवस टिकला. या मापाला कोणी क्षुल्लक म्हणेल. मी म्हणणार नाही.

अण्णांना साधा स्टेंट बसवला होता. त्या पाडव्याला त्यांनी मऊ भात आणि साधे वरण खाल्ले, स्वतःच्या हाताने. वहिनी पदराआडून पाहत होत्या. संक्रांत काही अण्णांना दिसली नाही. पण त्या दिवशी ताटावरून उठताना ते म्हणाले, "आज पोटभर जेवलो." ताटात अर्धा भात तसाच होता.