खाली रायपूर असताना विमान नागपूरला का वळले?

27 ऑगस्ट 2021. मस्कतहून ढाक्याकडे निघालेले ‘बिमान बांगलादेश’चे बोईंग 737 रायपूरच्या परिसरात पोहोचले असता कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. कोलकात्याच्या हवाई वाहतूक नियंत्रकांशी संपर्क झाला, विमान नागपूरकडे वळले आणि सहवैमानिकाने ते सुखरूप उतरवले. सर्व प्रवासी वाचले. कॅप्टन नौशाद यांचे मात्र तीन दिवसांनी नागपुरातच निधन झाले.

भिलाईच्या कुरुद भागातून नकाशा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रश्न पडेल : रायपूर इतके जवळ असताना नागपूर का? त्या दिवशीच्या निर्णयामागची सर्व कारणे बाजूला ठेवून केवळ भौतिकशास्त्र पाहू. अकरा किलोमीटर उंचीवरील विमानाजवळ स्थितिज ऊर्जेचा प्रचंड साठा असतो आणि तो एकाएकी टाकून देता येत नाही. वैमानिकांचा ठोकताळा असा की, दर हजार फूट उतरण्यास सुमारे तीन सागरी मैल लागतात. म्हणजे 36,000 फुटांवरून उतरायला साधारण 200 किलोमीटर हवेत. थेट पायाखालचा विमानतळ हा वेळेच्या हिशेबात सर्वांत जवळचा असेलच असे नाही. शिवाय नागपूरची धावपट्टी 3,200 मीटर लांबीची आहे.

नागपूरचे हे मध्यवर्ती स्थान जुनेच. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री येथे जमत, टपालाची अदलाबदल करून परतत.

रायपूरही अशा प्रसंगाला सामोरे गेले आहे. 7 ऑगस्ट 2015 रोजी ढाक्याहून मस्कतला जाणाऱ्या एमडी-83 विमानाचे एक इंजिन बिघडले आणि ते रायपूरला उतरले. प्रवासी दुसऱ्या विमानाने गेले. ते विमान मात्र पुढे कित्येक वर्षे तिथेच उभे राहिले.

अशा वेळी नियंत्रक विमान चालवत नाही. तो आकाश मोकळे करतो, इतर विमानांना दूर ठेवतो, अग्निशमन दल व रुग्णवाहिका सज्ज करवतो आणि अचूक माहिती पुरवतो. ‘मेडे’ हा संकेतशब्द 1920 च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर, ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून घडला. हाक साऱ्यांना एकाच क्षणी कळावी, हा त्याचा हेतू.

माहिती अपुरी असली तर काय होते, हे 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दिसले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाचे अंतर व दिशा दिसे, उंची नव्हे. त्यासाठी वैमानिकाच्या शब्दावर विसंबावे लागे. कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली आले आणि सौदी विमानाला धडकले. 349 जीव गेले. चौकशीत नियंत्रकाला दोषी धरले गेले नाही. त्यानंतर उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

चरखी दादरी आपल्याला आठवते, कारण तिथे माणसे गेली. नागपूरची ती सकाळ विस्मरणात जाते, कारण तिथे प्रवासी वाचले. सुरक्षेचा इतिहास लिहिताना या दुसऱ्या प्रकारच्या सकाळींचीही नोंद व्हायला हवी.